मांजरीची माती बघायला गेले तेव्हा

आमच्या यवतमाळकडून पुण्याला जायची कारणं ठरलेली असतात. मुलाची ॲडमिशन, मुलीचं बाळंतपण, नाहीतर कुणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन. मी गेले ती माती बघायला. परत आल्यावर ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना हेच सांगितलं, आणि प्रत्येकाने तोंडाकडे बघितलं. म्हणून सगळं नीट लिहून काढते आहे.

माझी भाची अश्विनी, आमची आशू, पुण्यात मातीवर संशोधन करते. शेतातल्या मातीत सेंद्रिय कर्ब, म्हणजे कार्बन, किती, तो वाढतो का, कमी झाला तर कुठे जातो, असं तिचं काम. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. कार्बनचक्राची आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल देव जाणे. झाड, गाय, माती, ढग आणि मधे बाण. निवृत्त झाल्यावर ती म्हणाली, "मावशी, ते बाण प्रत्यक्षात बघायला ये की. फेब्रुवारीत ये, ऊसतोड चालू असते." मी गेले.

येरवडा

आशू येरवड्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. खालच्या गल्लीत इस्त्रीवाला, किराणा, एक जिम, आणि रस्ता ओलांडला की तुरुंगाच्या बाजूची जुनी मोठी झाडं. पहिल्या दिवशी सकाळी उठले तर ही उशाशी साबणाच्या डबीएवढी पांढरी पेटी घेऊन बसलेली.

"हे काय?"

"हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजते. बघ, केवढा आकडा चढलाय."

रात्री डासांसाठी खिडक्या गच्च बंद केल्या होत्या. मी घाबरून विचारलं, गॅस गळतोय का?

"नाही गं. रात्रभर आपण दोघी श्वास सोडत होतो ना, त्याचा हा आकडा. त्यात घोरण्याचा वाटा तुझा."

तिने खिडकी उघडली आणि आकडा पायऱ्या उतरल्यासारखा खाली आला. मला गंमत वाटली. त्या दिवशी रिक्षातून शहर बघायला निघालो तर पेटी मी मांडीवरच घेतली. सिग्नलला गाड्या अंगाला अंग लावून उभ्या राहिल्या की आकडा वर जायचा, नदीवरच्या पुलावर वारा लागला की उतरायचा. रिक्षावाले काका आरशातून बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "मावशी, शुगर मोजता का?"

"हवेची मोजतोय, काका," आशू म्हणाली.

"मग वाढलेली असणार. गोळी चालू करा म्हणावं," असं म्हणून त्यांनी गिअर टाकला.

माझ्या मनात शिक्षकी शंका आली. आपणही तोच वायू सोडतो, गाड्याही तोच सोडतात, मग दोष गाड्यांनाच का? आशूने रिक्षाच्या आवाजात ओरडून समजावलं. आपल्या श्वासातला कार्बन परवाच्या भाकरीतला असतो, भाकरीतला गेल्या हंगामातल्या हवेतला. तोच फिरतो. पेट्रोल-डिझेलमधला मात्र युगानुयुगं जमिनीखाली गाडलेला होता. तो या फेऱ्यात नव्हताच, आपण तो उकरून आणला. "आणि जो फेऱ्यात होता, त्याचीही आपण घाई करतो," ती म्हणाली. घाई म्हणजे काय, ते मला नंतर पुण्याच्या कडेच्या मांजरी गावात कळलं.

कात्रज

दुसरा दिवस नलिनीकडे. ती मूळची पुण्याची. नवऱ्याच्या बदलीमुळे आमच्या शाळेत काही वर्षं गणित शिकवायला होती, आता कात्रजला एका सोसायटीत राहते. जेवायला आमटी केली होती, गूळ आणि आमसूल घातलेली. छान होती, पण अर्धी वाटी झाल्यावर मी हळूच हिरवी मिरची मागितली. "तुमच्याकडे आमटीला भांडण लागतं, आमच्याकडे समजूत," असं म्हणत तिने मिरचीबरोबर मीठही पुढे केलं.

जेवून गॅलरीत बसलो तर खालून धूर यायला लागला. सोसायटीचा माळी वाळलेल्या पानांचा ढीग पेटवत होता. नलिनीने सांगितलं की पानं कुजवायला खड्डा करू या, असं तिने मीटिंगमध्ये सुचवलं होतं. तेव्हा सेक्रेटरी म्हणाले होते, "अहो, आपण पानं साठवणार, त्यात साप येणार. कात्रजला लोक साप बघायला तिकीट काढून जातात. आपल्याला घरपोच नकोत."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, बरोबर आहे आपलं. धूर मात्र घरपोच चालतो."

त्यानंतर खड्डा झाला नाही आणि सेक्रेटरी तिच्याशी लिफ्टमध्ये बोलत नाहीत. तिने घरातल्या घरात दोन कुंड्यांमध्ये पानं कुजवायला ठेवली आहेत. मला हात घालून बघायला लावलं. ओलसर, काळपट, वास पावसाळी जंगलाचा. मला वाटलं, चला, उद्याची तयारी झाली.

मांजरी

आशूच्या स्कूटरवर मागे बसून मांजरीला जाणं हे माझ्या वयाला शोभणारं नव्हतं, पण पोचलो. रस्त्याच्या एका बाजूला वीस-बावीस मजल्यांच्या इमारती, त्यांच्यावर पोहण्याच्या तलावाच्या जाहिराती, आणि कुंपणाला लागूनच ऊस. आमच्याकडे शेत संपलं की पुढे गाव दिसतं. इथे शेत संपायच्या आत शहर उभं होतं.

बाळासाहेब आणि लताबाई यांच्या रानात आशूचा प्रयोग चालतो. ऊस तोडल्यावर जी वाळकी पानं मागे राहतात, ती म्हणजे पाचट. बहुतेक लोक ते पेटवून देतात आणि बुडख्यांना फुटणाऱ्या कोंबांवर दुसरं पीक घेतात, त्याला खोडवा म्हणतात. या नवरा-बायकोने अर्धा एकर तीन वर्षं पेटवला नव्हता. पाचट सरीत तसंच ठेवायचं, ते कुजतं, आणि आशू दर हंगामात माती तपासते.

बाळासाहेब उंच, अबोल माणूस. नमस्कार केला आणि थेट रानात घेऊन गेले. पाचट पायाखाली चटईसारखं दबत होतं. लताबाईंनी वाकून एक थर उचलला. खाली पांढऱ्या बुरशीचे धागे, माती ओली, आणि दोन गांडुळं अंग चोरून आत शिरली.

"बघा बाई," लताबाई म्हणाल्या. मी शिक्षिका म्हटल्यापासून त्या मला बाईच म्हणत होत्या. "आठ दिस झालं पाणी देऊन. अजून ओल हाय."

आशूने मातीवर उलट्या घमेल्यासारखं एक पारदर्शक झाकण दाबून बसवलं. त्याची नळी एका यंत्राला जोडली. पडद्यावर आकडा सावकाश वाढू लागला. माती श्वास सोडत होती. म्हणजे मातीतले जीव पाचट खात होते आणि श्वास सोडत होते. फळ्यावर मातीकडून हवेकडे जाणारा बाण मी एका फटकाऱ्यात काढत असे. इथे तो बाण मुंगीच्या चालीने निघाला होता.

"ह्यातला बराचसा कार्बन हवेत जाणारच," आशू म्हणाली. "पण हळूहळू, वर्षभरात. आणि थोडा मातीत मुरून राहतो, तेवढाच आपला फायदा. पेटवलं तर सगळा एका दुपारी जातो. ही ती घाई."

तेवढ्यात बांधापलीकडून विलास आला. बाळासाहेबांचा चुलतभाऊ, शेजारचं रान त्याचं. चाळिशीचा, टी-शर्ट, कानात इअरफोन, एका कंपनीत शिफ्ट करून शेती बघणारा. त्याच्याही रानातला ऊस नुकताच गेला होता आणि पाचट पसरलेलं होतं.

"तुम्ही पेटवणार?" मी विचारलं.

"पेटवावंच लागतंय, मॅडम. कुट्टी करायचं यंत्र सांगून ठेवलंय, यायचा पत्ता नाय. पाचटात उंदीर होतात, घोणस निघते, पाणी पुढं सरकत नाय. मला शिफ्ट सांभाळून हे करायचंय." मग त्याने इमारतींकडे हात केला. "आन् तिकडं बघा. एकेका घराला दोन-दोन गाड्या. लाईट गेली की जनरेटर. मी एकट्यानं काडी नाय लावली तर हवा सुधारणार का?"

मला वाटलं आता आशू भाषण देईल. ती म्हणाली, "हवेचं उत्तर माझ्याकडे नाही, विलासभाऊ. तुमच्या मातीचं विचाराल तर देऊ शकते."

"पुढच्या वर्षी बघू," तो हसून म्हणाला. "यंदा पेटवणार. पण सांगून पेटवीन."

दुपारी लताबाईंनी ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि लसणाची चटणी वाढली. तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्या जिभेला घरी आल्यासारखं वाटलं. भाकरी आमच्यापेक्षा मोठी आणि पातळ, भाजीत शेंगदाण्याचं कूट. शेवटी काकवी दिली, म्हणजे उसाच्या रसाचा दाट पाक, तुपाबरोबर भाकरीला लावून खायचा. मी दोनदा घेतली.

पुन्हा मांजरी

दुसऱ्या दिवशी आशूचं उरलेलं काम होतं. बाळासाहेब लग्नाला बारामतीकडे गेले होते. घरी लताबाई एकट्या. मी त्यांच्याबरोबर ओट्यावर शेंगा फोडत बसले होते आणि आशू रानाच्या पूर्वेकडच्या टोकाला गिरमिटाने मातीचे नमुने काढत होती. यंत्र आणि झाकण पश्चिमेच्या सरीत मांडून ठेवलं होतं, आकडे आपले आपण नोंदले जात होते.

ऊन वर आलं आणि वारा सुटला. लताबाई अचानक उठून उभ्या राहिल्या. मला काहीच दिसलं नव्हतं. त्यांना वास आला होता.

"विल्यानं पेटवलं!"

आम्ही धावलो. विलासच्या रानात एका कोपऱ्यातून ज्वाळा उठत होत्या. पाचटाची आग आमच्याकडच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, आगीसारखी नसते. पऱ्हाटी कडकड करत एका जागी जळते. हे पाचट धावतं. वारा पश्चिमेचा, आणि बांधावर गुडघाभर वाळलेलं गवत. आम्ही अर्ध्या वाटेत असताना आगीने बांध ओलांडला.

"मोटर चालू करा," मी ओरडले.

"लाईट नाय, बाई," म्हणत लताबाईंनी गोठ्यातून पाचट ओढायचं दाताळं आणि फावडं उचललं.

आशू यंत्राच्या दिशेने पळत होती. आग आणि यंत्र यांच्यात चार-पाच सऱ्यांचं अंतर असेल. मी वर्गात कधी वापरला नसेल असा आवाज काढला, "आशू! मागे फिर!" ती थांबली. एकदा यंत्राकडे बघितलं, एकदा आमच्याकडे. मग उलटी पळत आली आणि लताबाईंच्या हातातलं दाताळं तिने घेतलं.

"मधली सरी मोकळी करू," ती धापा टाकत म्हणाली. "तिकडचं जाऊ दे. इकडचं वाचवू."

लताबाईंनी पश्चिमेकडच्या अर्ध्या तुकड्याकडे बघितलं. तीन वर्षं राखलेलं रान होतं ते. मग पदर खोचून त्या वाकल्या.

आम्ही तिघी मधल्या दोन सऱ्यांतलं पाचट ओढून पूर्वेला फेकू लागलो. पूर्वेची बाजू वाचवायची तर मधे नुसती माती दिसली पाहिजे. दाताळं एकच, म्हणून मी हातांनीच ओढत होते. उसाचं पान ब्लेडसारखं कापतं हे मला तेव्हा कळलं, पण दुखलं नाही, दुखणं संध्याकाळी सुरू झालं. धूर सरळ अंगावर येत होता. डोळे मिटून ओढायचं, उघडून बघायचं, पुन्हा ओढायचं.

विलास पलीकडून ओलं गोणपाट घेऊन धावत आला. त्याच्या भुवया जळल्या होत्या. "वहिनी, हिकडनं समोरून लावू का? दोन्ही आगी भिडतील आन् विझतील!"

"परत काडीला हात लावलास तर बघ," लताबाई वर न बघता म्हणाल्या.

त्याने गोणपाट टाकलं आणि आमच्याबरोबर ओढू लागला. आग आमच्या मोकळ्या पट्ट्याशी आली तेव्हा चेहऱ्यावर तवा धरल्यासारखं वाटलं. आम्ही मागे सरलो. ज्वाळा मातीपाशी थबकल्या. दोन ठिकाणी ठिणग्या उडून अलीकडे पडल्या, त्या विलासने गोणपाटाने आणि आशूने पायाने विझवल्या. आणि मग खायला काही उरलं नाही म्हणून आग बसली. फार वेळ लागला नसेल. शाळेतला एक तास जेमतेम.

पश्चिमेचा अर्धा तुकडा काळा झाला होता. हवेत पाचटाची काळी पानं तरंगत होती आणि इमारतींच्या गॅलऱ्यांत माणसं मोबाईल धरून उभी होती. यंत्राच्या जागी वितळलेल्या प्लॅस्टिकची एक गुठळी होती. आशू तिच्यापाशी उकिडवी बसली.

"वहिनी, वारं सुटलं," विलास म्हणाला. "सकाळी वारं नव्हतं. मी दादाला फोन केला होता, उचलला नाय. मला दुपारी शिफ्ट हाय, म्हनून म्हटलं उरकून घ्यावं."

"मी घरातच होते," लताबाई म्हणाल्या. "बांधावरनं हाक मारली असती तरी आली असती."

त्या घराकडे निघून गेल्या. तो शिफ्टला जाईपर्यंत त्या त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. बाळासाहेबांच्या फोनवर विलासचा कॉल खरंच आलेला होता, लग्नाच्या बँडमध्ये त्यांना तो ऐकू गेला नव्हता. पण हे कळूनही लताबाईंचा राग कमी झाला नाही, आणि मला वाटतं ते बरोबरच होतं.

येरवड्याला परतताना एका सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा आशूची पाठ हलताना मला जाणवली. हेल्मेटमध्ये रडत होती. मी हळद लावलेला हात तिच्या खांद्यावर ठेवला. हिरवा दिवा लागला, मागच्याने हॉर्न दिला, ती निघाली. घरी आल्यावर तिने तिच्या सरांना फोन केला. सर यंत्राबद्दल काही वेळ बोलले असावेत, कारण ती नुसती "हो सर, हो सर" म्हणत होती. शेवटी ते म्हणाले, जळलेल्या भागाचे नमुने लगेच घे. त्या मातीला कुणाला हात लावू देऊ नकोस.

माझं परतीचं तिकीट त्या रात्रीचं होतं. मी ते पुढे ढकललं.

निघायच्या आधी

सकाळी पोचलो तर रानात वाद चालू होता. बाळासाहेब परत आले होते. विलासच्या रानातलं निम्मं पाचट पेटायचं राहिलं होतं, आणि लताबाईंना ते हवं होतं.

"माझं जाळलंस, तुझं दे," असं त्या विलासकडे न बघता बाळासाहेबांना सांगत होत्या. "माती उघडी पडलीय. आता ऊन चढंल. झाकायची म्हंजी आजच झाकायची."

आशू घाबरली. "लताकाकू, थोडे दिवस राहू द्या ना. बाहेरचं पाचट पडलं तर मग त्या जमिनीचं मोजमाप मला कशातच धरता येणार नाही. सरांनी सांगितलंय हात लावू नका."

"तुझं मोजणं मला कळतंय, पोरी. तीन वर्सं कधी नाय म्हनले का? पण ही माती मी राखली. ती उघड्यावर करपत बसंल आन् मी मोजायसाठी बघत बसू?"

दोघींचंही खरं होतं. मी पाहुणी, तरी तोंड उघडलं. म्हटलं, लताबाई, दोन सऱ्या तिला उघड्या ठेवू द्या, बाकी सगळ्या झाका. तिला जळून उघडी राहिलेली माती मिळेल, जळून झाकलेली मिळेल आणि न जळलेलीही मिळेल. आशू म्हणाली की झाकायच्या आधी नमुने घेऊ दिले तर चालेल, सरांशी ती बोलेल. लताबाई म्हणाल्या, "दोनच. तिसरी मागायची नाय."

आशूने गिरमिट घेतलं. राखेखालची माती कोरडी आणि गरम होती, कालची ओल गेली होती. तिच्या मागोमाग आम्ही झाकायला लागलो. विलासच्या रानातून पाचटाचे भारे बांधून आणायचे, सरीत सोडवायचे, पसरायचे. विलास भारे आणत होता. लताबाई ते त्याच्या हातातून घेत नव्हत्या. तो बांधावर टाकायचा, त्या तिथून उचलायच्या. दुपारी तो शिफ्टला गेला तेव्हा निम्मंही झालं नव्हतं. ऊन चढलं, माझ्या हातांची आग व्हायला लागली, आणि बाळासाहेबांनी मला बळेच सावलीत बसवलं. अंधार पडला तेव्हा हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्या सऱ्या झाकायच्या राहिल्या होत्या. बाळासाहेब म्हणाले, "उद्या मी बघतो. आपण यावं चहाला, आन् मग गाडी धरावी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहाला गेलो. रानात शिरलो तर काळं कुठे दिसेना. आशूच्या दोन सऱ्या तेवढ्या उघड्या होत्या, त्यांच्या कडेने कुणीतरी लाल दोरी बांधली होती, चुकून पाय पडू नये म्हणून. बाकी सगळं पिवळसर पाचटाखाली गेलं होतं.

बांधावरच्या बाभळीखाली विलास झोपला होता. कंपनीचाच शर्ट अंगात होता, बूट बाजूला काढलेले. दोन्ही हात पोटावर ठेवलेले आणि त्यांवर माझ्यासारखेच पानांचे चरे.

"राती शिफ्टवरनं आला तो थेट रानातच," लताबाई मागून दबक्या आवाजात म्हणाल्या. "मी उठले तर शेवटची सरी चालली होती. बोलू नका कुनी. झोपू द्या."

त्यांनी त्याच्या उशाशी चहाचा कप ठेवला, त्यावर बशी उपडी घातली, आणि बशी वाऱ्याने हलू नये म्हणून वर एक ढेकूळ ठेवलं.